कपाळापुरता नियम

साताऱ्यात आमचा हौशी फोटोवाल्यांचा एक गट आहे. निम्मे निवृत्त, दोन डॉक्टर, एक वकीलबाई, आणि बाकीची पुण्यात नोकरी करणारी मंडळी, जी शनिवार-रविवार घरी येतात आणि आईला भेटायच्या आधी कास पठारावर जाऊन फुलं काढतात. यंदा गटानं स्पर्धा ठेवली आणि तिच्यात कृष्णधवल असा वेगळा विभाग केला. तेव्हापासून व्हॉट्सअ‍ॅपवर जी जुंपली, ती थांबायचं नाव घेईना. कुणी म्हणालं, रंगीत फोटो काढायचा आणि मागाहून बटण दाबून काळापांढरा करायचा, ही लबाडी आहे. दुसऱ्यानं विचारलं, मग कॅमेराच आतल्या आत तेच करतो, त्याचं काय? तिसरे एक गृहस्थ म्हणाले, खरा कृष्णधवल फक्त फिल्मवरचा. पूर्वी कसं सगळं प्रामाणिक होतं.

हे वाचून मला चहाचा ठसका लागला. ज्यानं जन्मात फोटो धुवायच्या हायपोत बोट बुडवलेलं नाही, त्यानं मला पूर्वीचा प्रामाणिकपणा शिकवावा! मी सांगलीच्या एका फोटो स्टुडिओत वाढले. बाबांच्या दुकानातून एकही चेहरा जसा आत आला तसा बाहेर गेलेला मला आठवत नाही. देवीचे व्रण बुजायचे, उडालेली भुवई परत यायची, आणि टक्कल निदान चकाकायचं तरी थांबायचं.

शेवटी नियम आला. रंगीत फोटोचा कृष्णधवल करायला परवानगी आहे, पण जे काही कराल ते सगळ्या फोटोवर सारखं करायचं. एखाद्याच जागेवर काम केलेलं दिसलं तर फोटो बाद. सोबत मूळ रंगीत फोटो पाठवायचा, म्हणजे ताडून बघता येईल.

मला एकच फोटो पाठवायचा होता. माझे थोरले दीर आणि जाऊबाई, पाटणच्या वाटेवरच्या आमच्या गावी, घराच्या ओट्यावर शेजारी शेजारी बसलेले. त्या फोटोत जाऊबाईंच्या कपाळावरचं कुंकू दिसायला हवं होतं. तसा मी त्यांना शब्द दिला होता. आणि ते दिसत नव्हतं.

कुंकू कृष्णधवल फोटोत का दिसत नाही, हे आता फार थोड्यांना माहीत असेल. बाबा सांगायचे, त्यांच्या वडिलांच्या काळातल्या काचेच्या प्लेटींवर लाल रंग काळाकुट्ट यायचा, त्यामुळं बायकांची कपाळं ठसठशीत. पुढं नव्या फिल्म आल्या. त्यांना लाल रंग दिसू लागला आणि तिथंच घोटाळा झाला. लाल करडं येऊ लागलं. आपल्याकडचा गव्हाळ-सावळा रंगही करडाच येतो. त्यातून स्टुडिओतल्या दिव्यांचा उजेड पिवळट. करड्यावर करडं, म्हणजे कुंकू गेलं. बाई कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून यायची आणि फोटोत तिचं कपाळ मोकळं. फौजी लोकांचा मुलूख आमचा. नवरा रजेवर आला की जोडीनं फोटो काढायचा आणि तो परत गेला की फोटो भिंतीवर लावून त्याची वाट बघायची. त्या फोटोत बाईचं कपाळ मोकळं दिसलं तर घरात काय होईल, हे सांगायला नको.

म्हणून आमच्या दुकानात कपाळ भरायचं काम असे. फोटो वाळून, चकाकी येऊन तयार झाला, की सगळ्यांत बारीक ब्रशला काळा रंग घ्यायचा, ब्रश ओठांत धरून टोक काढायचं, आणि श्वास रोखून त्या बाईच्या भुवयांमध्ये टेकवायचा. एकदाच. दुसऱ्यांदा टेकवला तर कुंकवाचा डाग होतो. मॅट्रिकच्या आधीपासून हे काम माझ्याकडं होतं, कारण बाबांचा हात तेव्हा थरथरू लागला होता आणि माझा अजिबात थरथरत नसे. मला त्याचा फार तोरा होता. शाळेतल्या मैत्रिणींना मी सांगायची, अर्ध्या जिल्ह्याचं कुंकू माझ्या हातात आहे.

पण सरसकट सगळ्यांची कपाळं भरायची नसत. पेन्शनच्या कागदांसाठी फोटो काढायला तरण्याताठ्या विधवा यायच्या. त्यांच्या कपाळावर चुकून ब्रश टेकला तर काय होईल, हे बाबांनी मला पहिल्याच दिवशी डोळे वटारून सांगितलं होतं. त्यासाठी त्यांनी एक खूण ठरवली होती. पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीचं टिंब असेल तर कपाळ भरायचं. टिंब नसेल तर हात लावायचा नाही, विचारायचं.

त्या दिवशी पाकिटावर टिंब नव्हतं.

फोटो एका जोडप्याचा होता. नवरा फौजी गणवेशात ताठ बसलेला, बायको अठरा-एकोणीस वर्षांची, गळ्यात डोरलं, नजर थेट कॅमेऱ्यात. दोघं आदल्या दिवशी येऊन बसून गेले होते आणि आता गाडीच्या आधी फोटो न्यायला येणार होते. बाबा टिंब काढायला विसरले होते. शेजारी नवरा बसलेला दिसतोय, बाईच्या गळ्यात डोरलं दिसतंय. कुणाही शहाण्या माणसाला कळलं असतं. मलाही कळलं. पण ब्रश धुऊन ठेवला होता, रंग वाळला होता, आणि मैत्रीण दारात सायकलची घंटी वाजवत होती. मी मनाशी म्हटलं, टिंब नाही, माझी काय चूक? आणि फोटो पाकिटात घातला.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी स्वतःला कधीच माफ केलं असतं. पण मी पायरी उतरत असताना बाबांनी आतून विचारलं, "त्या फौजीच्या फोटोचं कपाळ भरलंस ना गं?"

मी म्हटलं, "हो."

बाबांनी पाकीट उघडून बघितलं नाही. माझ्या हातावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

पुढं सात वर्षांनी माझं लग्न ठरलं, मुलगा साताऱ्यात नोकरीला, गाव पाटणकडं. लग्न होऊन मी गावी गेले आणि दुसऱ्याच दिवशी थोरल्या जाऊबाईंनी मला विचारलं, "सांगलीत तुज्या बाबाचं फोटूचं दुकान हाय न्हवं? बोळात? पायरीवर कुंडी हाय तितं?"

मी हो म्हटलं आणि त्यांच्याकडं नीट बघितलं. तीच नजर, थेट कॅमेऱ्यात बघणारी.

त्यांचं माहेर कवठे महांकाळकडचं. माहेराहून सासरी येताना वाटेत सांगलीत मुक्काम होता, तेव्हा नवऱ्यानं हौसेनं फोटो काढला होता. घरी येऊन सासूबाईंच्या हातात दिला, तर सासूबाईंनी तो उलटा करून जमिनीवर ठेवला. "पोरगा चार दिसांनी सीमंवर निगालाय आन् हिचं कपाळ उगडं," असं म्हणाल्या. फोटो भिंतीवर लागला नाही. पुढं तो दिसेनासाच झाला. सासूबाईंनी चुलीत घातला, असं जाऊबाईंनी धरून ठेवलं. नवरा तिकडं असताना पहिली दोन वर्षं त्या रोज तार येईल म्हणून भ्यायच्या. पोस्टमन दुसऱ्याच्या दारात गेला तरी त्या हातातलं काम टाकून उंबऱ्यात येऊन उभ्या राहायच्या. म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोलल्या, तो फेडायला मीही पुढं त्यांच्याबरोबर जाऊन आले. त्यांना त्या वयातला दुसरा फोटो नाही. लग्नात कुणी काढलाच नव्हता.

हे सगळं त्या हसत सांगायच्या. आक्का म्हणते मी त्यांना. आमच्यात तीनच वर्षांचं अंतर, पण घरात त्यांचा शब्द चालतो आणि चालावा असाच असतो. "तुज्या बाबानं माजं कुंकू पुसलं बग," असं म्हणून त्या मला चिडवायच्या. भाकरी करपली की, "कुनाची लेक हाय, इसरायचीच!" मीही हसायची. सगळं घर हसायचं.

एका दिवाळीला बाबा आमच्याकडं गावी आले होते. ताटावर बसले असताना आक्कांनी वाढता वाढता त्यांना तोंडावरच विचारलं, "काय वं, माजं कुंकू कुटं घालीवलं तुमी?" थट्टाच होती, पण तिच्या तळाशी थट्टा नव्हती, हे सगळ्यांना कळलं. बाबांनी हातातला घास खाली ठेवला. माझ्याकडं एकदा बघितलं. फार वेळ नाही. मग आक्कांना म्हणाले, "चूक झाली बाई माझी."

मी पंगतीत वाढत होते, हातात कढीचं भांडं होतं. तेव्हाही मी बोलले नाही. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या आजारपणात मी महिनाभर उशाशी होते, आणि तेव्हाही बोलले नाही. असं आमचं धाडस.

तर या माघ महिन्यात मी गावी गेले होते. उसाला तोड आलेली, दादा, म्हणजे माझे थोरले दीर, तोडणाऱ्या टोळीला पाणी-बिणी दाखवून सकाळीच परत आलेले आणि ओट्यावर टेकलेले. डोक्याला लाल पटका. आक्का शेजारी येऊन बसल्या, कोवळं ऊन दोघांच्या तोंडावर. मी कॅमेरा उचलला. आक्का म्हणाल्या, "काळापांडरा काडतीस व्हय? मग कुंकू दिसाय पायजे बग ह्या टायमाला." मी म्हटलं, दिसेल, माझा शब्द. "आन् चार मान्सांत लागू दे कुटंतरी. घरात आता बगनार कोन हाय?" मग मी स्पर्धेचं सांगितलं. संध्याकाळपर्यंत निम्म्या गावाला कळलं होतं, की आक्कांचा फोटो साताऱ्याला लागणार.

घरी येऊन संगणकावर फोटो उघडला. रंगीत फोटो देखणा होता. एका बटणानं काळापांढरा केला. ऊन आलं, सुरकुत्या मऊ आल्या, पटका छान करडा झाला, आणि आक्कांचं कपाळ मोकळं. एवढी बुद्धी असलेल्या यंत्रानं बरोबर माझीच चूक केली. मी खरंच मोठ्यानं हसले, आणि मग मला हसू येईना.

आता ब्रश ओठांत धरायला लागत नाही. पडद्यावर एक छोटा गोल घ्यायचा, कपाळावर नेऊन गडद करायचं, दहा सेकंदांचं काम. मी ते केलंही, आणि फोटो एकदम जिवंत झाला. पण नियमात ते बसत नव्हतं. गटाच्या सेक्रेटरींना फोन केला. भला माणूस आहे, बँकेतून निवृत्त, नियमावर जीव.

"ताई, सगळ्या फोटोतला लाल रंग गडद करा, चालेल. फक्त कपाळावर केलंत तर बाद."

"अहो, पण कुंकू मूळ फोटोत आहे. मी ते दाखवतेय फक्त."

"उद्या दुसरा म्हणेल, आभाळात ढग होतेच, मी दाखवतोय फक्त. मग मी कुठं रेघ मारू?"

मी तणतणत फोन ठेवला. पण त्यांचं चुकत नव्हतं. स्पर्धेत सगळ्यांना एकच माप लागतं. मग मी सगळ्या फोटोतला लाल रंग खाली ओढला. कुंकू वर आलं, काळं, ठसठशीत. पण लाल काय फक्त कुंकवात असतं? उन्हानं रापलेले दोघांचे गाल काळवंडले. आक्कांच्या हनुवटीखालची प्रत्येक रेघ उठून आली. दादांचा पटका कोळशासारखा झाला. दोघं दहा वर्षांनी म्हातारे दिसू लागले.

दोन्ही फोटो घेऊन मी गावी गेले. आक्का सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. ब्रशनं केलेला आधी दाखवला, मग दुसरा.

"ह्यात मी लय म्हातारी दिसतीया," दुसरा बघून त्या म्हणाल्या.

"पहिला चांगला आहे, पण तो घरातच लावता येईल. स्पर्धेत घेणार नाहीत."

"का? कुंकू लावाय बंदी हाय व्हय?"

मी नियम समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "पर ते तितं हाय की गं. नसलेलं कुटं लावलंयस?" हे सेक्रेटरींनी ऐकायला हवं होतं. मग आक्कांनीच निकाल दिला, "ह्योच दे. म्हातारी तर म्हातारी. खोटं कुटं हाय त्यात?"

त्या 'खोटं' शब्दावर माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. पाकीट, टिंब, सायकलची घंटी, आणि बाबांना मारलेली थाप. आक्का शेंगा फोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताटावर बसलेल्या मान्साला बोलले मी."

"हो."

"त्यांनी ऐकून घेतलं. आन् तू हुबी हुतीस तितं."

"हो."

त्या दिवशी त्या पुढं माझ्याशी बोलल्या नाहीत. निघताना नेहमीप्रमाणं शेंगांची पिशवी मिळाली, पण ती दादांच्या हातून. गाडीपर्यंत पोचवायला आक्का आल्या नाहीत. चाळीसएक वर्षांत पहिल्यांदा. एस्टीत बसून मी स्वतःला म्हटलं, आता फोटो लागला काय आणि न लागला काय.

फोटो लागला. राजवाड्याजवळच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं. बक्षीस मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. परीक्षकांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं की त्वचेचे तपशील जळाल्यासारखे झाले आहेत. बरोबरच होतं ते. ज्या तोऱ्यानं मी कधीकाळी अर्ध्या जिल्ह्याची कपाळं भरली, त्याला ही चिठ्ठी चांगली शोभत होती. मी दाराशी उभी राहून पाटणच्या गाडीची वेळ मोजत होते. येतील असं मला वाटत नव्हतं.

आक्का आल्या. कडक इस्त्रीचं लुगडं, मागं दादा, पटका बांधून. माझ्याशी न बोलता त्या सरळ फोटोपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

मग दादा बोलले. दादा माझ्यासमोर फारसे बोलत नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोपुढं गप्पा मारायची त्या घरात रीतच नाही. बायकोकडंही न बघता, फोटोकडं बघत म्हणाले, "त्यो सांगलीचा फोटू आईनं जाळला न्हवता. म्या नेलता संगं."

आक्कांनी मान वळवली.

"आई लावू दीना, म्हनून पेटीत घातला. तितं गेल्यावर मीच कुंकू लावलं. पेनानं. निळी शाई हुती, लाल तितं कुटनं आनू? खिशात घाम लागला की फिकं व्हायचं, की परत लावायचं. दोन वर्सं. शेवटाला कागूदच झिजला. कपाळाला भोक पडलं."

"मग?"

"मग काय? तसला फोटू घरी कसा आनायचा? तितंच एका नदीत सोडला."

"मग सांगायचं न्हाई व्हय इतकी वर्सं?"

"काय सांगू? तुज्या कपाळाला भोक पाडलं म्हनून?"

शेजारी दोन कॉलेजातल्या मुली फोटो बघत होत्या, त्या हळूच बाजूला सरकल्या. आक्कांनी पदरानं तोंड पुसलं, परत एकदा फोटोकडं बघितलं, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

"तुज्या बाबाचा फोटू हाय का गं घरात?"

"आहे की."

"चल मग. पाया पडून जाऊ."

आम्ही तिघं रिक्षानं घरी आलो. बाबांचा फोटो बाहेरच्या खोलीत असतो, कपाटाच्या वर. आक्कांनी चपला बाहेर काढल्या, दादांना पटका नीट करायला लावला, आणि दोघं त्या फोटोपुढं हात जोडून उभे राहिले. मी चहा ठेवते म्हणून आत गेले, आणि गॅस न पेटवताच ओट्याला धरून पोटभर रडले.